पोटात पिल्लं वाढवणारी बेडकी: शाडूत कशी घडवावी, मुलांना कशी सांगावी

गणपतीच्या दिवसांत घरात पोरांचा राबता असतो. आरती होते, खिरापत हातावर पडते आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं मुलं मखराभोवती रेंगाळतात. आमच्याकडे, वडोदऱ्यात दांडिया बाजारात, मी त्या वेळाचा उपयोग करून घेते. मखराच्या बाजूला एक छोटं टेबल, त्यावर शाडूचा एखादा प्राणी आणि त्याची गोष्ट. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाले तरी गल्लीतली गुजराती मुलं अजून मला ‘बेन’च म्हणतात, आणि बेनकडे यंदा काय आहे ते बघायला आवर्जून येतात.

मुलं सगळ्यात जास्त वेळ थांबली ती ऑस्ट्रेलियातल्या एका बेडकीपाशी. ती आपली पिल्लं जठरात वाढवायची आणि तोंडातून जन्माला घालायची. आता ती जगात नाही. ही मांडणी कशी केली, असं बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. घरच्या गणपतीपुढे, मंडळाच्या देखाव्यात किंवा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात, कुठेही करता येईल. शाडू भिजवण्यापासून धरलं तर आठवडाभर हाताशी ठेवा.

आधी तिची नीट ओळख करून घ्या

मॉडेल करणाऱ्याला प्राणी पाठ असला पाहिजे, नाहीतर मुलांच्या दुसऱ्याच प्रश्नाला आपली गाडी अडते.

तिचं शास्त्रीय नाव ऱ्हिओबॅट्राकस सायलस. क्वीन्सलँड राज्यात, ब्रिस्बेनच्या उत्तरेला कोनोन्डेल आणि ब्लॅकॉल अशा दोन डोंगररांगा आहेत. तिथल्या दाट जंगलातले खडकाळ ओढे, एवढंच तिचं जग. दिसायला साधी. राखाडी-तपकिरी अंग, पाठीवर गडद आणि फिकट डाग, बोथट नाकाड, डोळे मोठे आणि डोक्याच्या अगदी वरच्या बाजूला. मागच्या पायांच्या बोटांना भरपूर पडदा, कारण तिचा बहुतेक वेळ पाण्यात किंवा पाण्यालगतच्या दगडाखाली जायचा. किडा पकडला की पुढच्या पायांनी तो तोंडात कोंबायची. बगळे आणि वाम मासे हे तिचे शत्रू.

आता मुख्य गोष्ट. अंडी फलित झाली की ती गिळायची, असं मानतात. ती गर्भाशयात जात नसत; किडे जिथे पचतात त्याच जठरात जात. तिथेच बेडूकमासे बाहेर पडायचे, तिथेच त्यांना पाय फुटायचे, तिथेच शेपटी जिरायची. सहा-सात आठवडे हे चालायचं आणि तेवढे दिवस आई काहीही खात नसे. बेडूकमाशांनाही बाहेरून खायला लागत नसे, अंड्यातल्या बलकावर त्यांचं भागायचं. मग एक दिवस ती तोंड उघडायची आणि जिभेवर एक पूर्ण वाढलेलं, चार पायांचं पिल्लू बसलेलं दिसायचं. बाकीची एकेक करून येत. सगळी बाहेर पडायला कधी कधी आठवडाभर लागत असावा. तिला कुणी त्रास दिला तर मात्र सगळी पिल्लं एका झटक्यात बाहेर फेकायची.

ही जात १९७२ मध्ये सापडली, १९७३ मध्ये डेव्हिड लीम यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं. तोवर ती चारचौघींसारखीच एक बेडकी होती. तिच्या तोंडून पिल्लं येतात हे टाकीत पाळलेल्या बेडकीमुळे कळलं, आणि १९७४ मध्ये कॉर्बेन, इंग्राम आणि टायलर या तिघांनी ते ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं. पाठीचा कणा असलेल्या इतक्या प्राण्यांत जठराचा असा उपयोग करणाऱ्या फक्त दोनच जाती माहीत आहेत, ही एक आणि तिची बहीण. बहिणीकडे पुढे येते.

माप सोडू नका

या मांडणीत मी एकाच बाबतीत हट्ट धरते. मुख्य मूर्ती खऱ्या मापाचीच करा. मादी ४५ ते ५४ मिलिमीटर, म्हणजे उकडीच्या मोदकाएवढी. नर आणखी लहान, ३३ ते ४१ मिलिमीटर. देखावा म्हटलं की आपला हात आपोआप मोठं करायला जातो. पण फूटभर बेडकी केलीत तर मुलांना तो राक्षस वाटतो, आणि राक्षस काहीही करू शकतो, त्यात नवल नाही. तळहातावर मावणाऱ्या जिवाच्या पोटात वीस-पंचवीस पिल्लं राहत होती हे कळतं तेव्हाच मुलं गप्प होतात. कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, वडोदऱ्यातलं प्रत्येक मूल तो बघून आलेलं असतं. मोठ्याचं आश्चर्य त्यांना ठाऊक आहे. हे लहानाचं आश्चर्य आहे, ते लहानच राहू द्या.

माती आणि मूर्ती

शाडू गणपतीच्या मूर्तिकारांकडूनच मागून आणा. आमच्या भागात मूर्तीचं काम चालतं तिथे मूठभर माती मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. कोरडी असेल तर रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी वरचं पाणी ओता आणि कणकेसारखी मळा. मळताना थोडा कापूस पिंजून घाला, त्याने तडे कमी जातात. बोटाला चिकटेनाशी झाली की माती तयार.

पाय बारीक असतात म्हणून आत तार घालायचा मोह होतो. घालू नका. माती सुकताना आकसते, तार आकसत नाही, आणि बरोबर गुडघ्याला चीर जाते. त्याऐवजी नारळाच्या काथ्याचे दोन-तीन धागे पायाच्या लांबीचे घ्या आणि त्याभोवती माती लपेटा. धागा वाकतो आणि मातीला धरूनही ठेवतो. आकसण्याचा हिशेब धरून ओली मूर्ती साडेपाच सेंटीमीटरची करा, म्हणजे सुकल्यावर पाचाच्या आसपास येईल.

धड आधी करा. चपटा, लांबट गोळा, मागे किंचित निमुळता. पोटात पिल्लं असलेली दाखवायची असेल तर दोन्ही कुशी फुगवा. डोकं वेगळं जोडू नका, त्याच गोळ्यातून पुढे काढा. नाहीतर मान तयार होते आणि बेडकाला मान नसते. मागचे पाय दुमडून धडाला जोडताना दोन्हीकडच्या मातीवर टूथपिकने आडव्या-उभ्या रेघा मारा, मध्ये पातळ केलेली माती लावा आणि मग दाबा. पडद्यासाठी बोटं आधी पसरून ठेवा, मधली माती अंगठ्याच्या पेराने दाबून पातळ करा, मग टूथपिकच्या टोकाने बोटांच्या रेघा काढा.

तोंड उघडं हवं. बोथट सुरीने एक आडवी चीर द्या. खालचा जबडा हलकेच खाली घ्या आणि आत मातीचा छोटा गोळा ठेवून तोंड तसंच सुकू द्या. नंतर तो गोळा काढून टाका. जिभेसाठी एक चपटी पट्टी ठेवा आणि तिच्यावर सेंटीमीटरभराचं पिल्लू बसवा, तोंड बाहेरच्या बाजूला. पिल्लाला शेपटी काढू नका. ती पूर्ण बेडूक होऊनच बाहेर यायची, आणि मुलं नेमकं हेच विचारतात.

डोळ्यांसाठी काळे उडीद सगळ्यात चांगले. गुळगुळीत असतात आणि माप जमतं. उडदाचा पांढरा डाग मातीच्या आत जाईल असा दाबा, मग वरून पापणीची बारीक कड फिरवा. दोन्ही डोळे एकमेकांच्या जवळ आणि आकाशाकडे बघणारे हवेत. ओढ्यात बुडून नुसते डोळे वर काढणाऱ्या प्राण्याचा चेहरा तेव्हाच येतो. डोळे बाजूला गेले की ती आपल्या अंगणातली बेडकी दिसते.

सुकवायची सावलीत, वर्तमानपत्रावर, रोज बाजू पालटून. भाद्रपदात आमच्याकडे हवेत ओल असते, त्यामुळे तीन-चार दिवस धरा. घाई करून उन्हात किंवा पंख्याखाली ठेवलीत तर बोटं आधी सुकतात, धड मागून, आणि सांधे सुटतात. बारीक चीर पडलीच तर पातळ शाडू ब्रशने भरा.

रंग पोस्टर कलरचे चालतात. सगळीकडे राखाडी-तपकिरी हात द्या, तो सुकला की गडद डाग, मग अगदी थोडे फिकट. पोट पांढरट, पायांच्या खालच्या बाजूला पिवळसर छटा. हिरवा रंग मुळीच नको, लहान मुलं आधी तोच ब्रश उचलतात. कातडी ओली, बुळबुळीत दिसली पाहिजे म्हणून शेवटी डिंकाच्या पाण्याचा एक हात द्या. व्हार्निशने जास्त चकाकी येते, पण नंतर ती माती पुन्हा वापरता येत नाही.

पोटाच्या आतलं दाखवायचं कसं

दुसरं मॉडेल तिप्पट मापाचं, पंधरा सेंटीमीटरचं. टेबलावर स्पष्ट लिहून ठेवा: खऱ्याच्या तिप्पट. याची एक कूस उघडी ठेवायची. आधी पूर्ण धड करा, माती चिवट झाली की डाव्या बाजूचा तुकडा सुरीने कापून काढा आणि चमच्याने आतून कोरा. भिंत बोटाएवढी जाड राहू द्या.

आत जठर भरायचं काम मुलांना द्या. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला हाच सगळ्यात मोलाचा भाग. प्रत्येकाला मातीची लहान गोळी द्या आणि तीन सेंटीमीटरचं पिल्लू करायला सांगा. खऱ्या बेडकीच्या जठरात २१ ते २६ पिल्लं सापडली होती, म्हणून चोवीस करू या. दहा-बारा सहज मावतात. पंधराच्या पुढे गर्दी होते. मग कोणीतरी म्हणतं, “बेन, आता जागाच नाही.” त्या क्षणी विचारा की बेडकीच्या पोटात आणखी काय काय असतं. हृदय, यकृत, आतडी. आणि फुप्फुसं. मी दोन लहान फुगे आधीच आत बसवून ठेवते, थोडी हवा भरून. मुलांनीच त्यातली हवा काढायची. फुगे चपटे झाले की उरलेली पिल्लं आत जातात.

खऱ्या बेडकीतही असंच व्हायचं. जठर इतकं ताणलं जायचं की फुप्फुसं दबून निकामी व्हायची आणि आई कातडीतून श्वास घ्यायची. बेडकांची कातडी ओली असेल तर तिच्यातून प्राणवायू आत जातो, हे पुस्तकातलं वाक्य मुलांनी पाठ केलेलं असतं. इथे त्या वाक्यावर एका आईचा जीव अवलंबून होता.

अंडी दाखवायची असतील तर मंगळ बाजारातून पाच मिलिमीटरचे दुधी मणी आणा. खऱ्या अंड्यांचा व्यास जवळजवळ तेवढाच. चाळीस मणी वाटीत ठेवा. मादीच्या अंगात चाळीसच्या आसपास अंडी सापडत आणि जठरात पिल्लं मात्र पंचवीसच्या आसपास. मग बाकीची कुठे गेली? काही गिळायची राहून गेली असतील, किंवा पहिली काही पचून गेली असतील, कारण जठर बंद व्हायला वेळ लागत असणार. मुलांना दोन्ही शक्यता सांगा आणि सोडून द्या. तिचं मीलन आणि अंडी घालणं शास्त्रज्ञांना एकदाही बघायला मिळालं नाही. ती अंडी गिळायची की नुकतेच बाहेर पडलेले बेडूकमासे, हेही त्यामुळे डोळ्यांनी पडताळलेलं नाही. हे मुलांपासून लपवू नका, उलट जोर देऊन सांगा. मोठी माणसंही सगळं जाणत नाहीत, हे ऐकताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

जठरात असूनही पिल्लं पचत का नव्हती

हा प्रश्न येणारच, आणि त्याला उत्तर म्हणून एक छोटा प्रयोग आहे. दोन वाट्यांत कोमट दूध घ्या. एकीत लिंबाचा रस पिळा, दूध फाटतं. जठरातलं आम्ल प्रथिनांवर असाच हल्ला चढवतं, आणि अंडं म्हणजे प्रथिनंच. दुसऱ्या वाटीसाठी लिंबाच्या रसात आधी खाण्याचा सोडा घाला, फेस बसू द्या, फसफस पूर्ण थांबेपर्यंत आणखी सोडा टाका, मग तो रस दुधात ओता. दूध फाटत नाही.

पण इथे थांबलात तर मुलं चुकीचं शिकून जातील. सोडा तयार आम्ल मारतो. बेडकीच्या पोटात आम्ल तयारच होत नसे. अंड्याभोवतीच्या चिकट आवरणात प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं द्रव्य होतं आणि पुढे बेडूकमासेही ते सोडत राहायचे. त्या द्रव्याने जठरातलं आम्ल बनणं थांबायचं. म्हणजे आईचं पोट बंद करणारा निरोप पिल्लांकडून यायचा. पिल्लं बाहेर पडली, निरोप थांबला की जठर पुन्हा पूर्ववत व्हायचं आणि आई जेवायला लागायची.

मोठ्यांना यात रस वाटावा म्हणून एक जोड देते. हेच द्रव्य आपल्याही जठरात असतं आणि त्याच्या अस्तराचं रक्षण करतं. इबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन कमी करतात, म्हणून रिकाम्या पोटी गोळी घेतली की जळजळ होते. आरतीला आलेल्या काका-काकू इथे हमखास पुढे सरकतात. या बेडकीकडून जठराच्या व्रणांवर काही उपाय शिकता येईल, अशी आशा तेव्हाच्या संशोधकांनाही होती. पण ते काम चालू असतानाच बेडकी संपली.

दोरी

ती संपली हे नुसतं तोंडाने सांगू नका. भिंतीवर आडवी सुतळी बांधा, वीत-वीत अंतरावर चौदा गाठी मारा आणि १९७२ ते १९८५ अशा चिठ्ठ्या लावा. वरच्या बाजूला आपल्या घरातल्या गोष्टी. १९७२ चा दुष्काळ आजोबांना आठवतो, १९८३ च्या जूनमध्ये कपिल देवच्या संघाने विश्वचषक जिंकला तो काकांना. कोणाचं लग्न, कोणाचा जन्म, जे असेल ते लिहा. खालच्या बाजूला बेडकी.

१९७२, सापडली. १९७४, तिची करामत जगाला कळली. १९८१, जंगलात शेवटची दिसली. १९८३ चा नोव्हेंबर, प्रयोगशाळेत उरलेली शेवटची मेली.

यानंतरच्या चिठ्ठीवर मी आता येते. दोनच महिन्यांनी, १९८४ च्या जानेवारीत, मायकेल महोनी यांना क्वीन्सलँडमध्येच, पण कितीतरी उत्तरेला युंगेलाच्या जंगलात तिची बहीण सापडली. ऱ्हिओबॅट्राकस व्हायटेलिनस. अंगाने मोठी, पोटावर पिवळेजर्द डाग, आणि तीही जठरात पिल्लं वाढवणारी. काय आनंद झाला असेल त्या लोकांना! १९८५ च्या मार्चमध्ये ती शेवटची दिसली. त्यानंतर नाही.

ही चिठ्ठी लावताना आवाज चढवू नका, कोणावर राग काढू नका. मुलांना दोन गाठींमधलं अंतर बोटाने मोजू द्या.

कशाने गेल्या? मुख्य संशय कायट्रिड नावाच्या बुरशीवर आहे. ही बुरशी बेडकाच्या कातडीत वाढते, कातडी जाड होते, क्षारांची देवाणघेवाण बिघडते आणि शेवटी हृदय बंद पडतं. कातडीतून श्वास घेणाऱ्या प्राण्याचं कातडंच गेलं, असं सांगितलं की मुलांना लगेच समजतं. बुरशीची ओळख पटली १९९८ मध्ये, दोघी बहिणी जाऊन तेरा-चौदा वर्षं झाल्यावर. जगभरात या रोगाने बेडूकवर्गातल्या किमान ५०१ जातींची संख्या घटली आणि त्यांतल्या ९० बहुधा कायमच्या गेल्या, असा हिशेब २०१९ मध्ये मांडला गेला. जंगलतोड आणि रानडुकरांनी ओढ्यांची केलेली नासधूस यांचीही नावं घेतली जातात. पण ज्या वेगाने त्या गेल्या, त्याला बुरशीच जास्त जुळते.

मुलं काय विचारतात

“शी! उलटीतून बाळ?” हे पहिलं असतंच. रागावू नका. सहा-सात आठवडे आई जेवली नाही, एवढं शांतपणे सांगा. शी म्हणणारं मूलच मग मागे वळून पुन्हा बघतं.

“बाबा काय करायचा?” या बेडकीच्या बाबाबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही, तो ओढ्याकाठी थांबून थांबून हाक घालायचा. पण बाबांसाठी दुसरी गोष्ट हाताशी ठेवा. चिलीमध्ये डार्विनचा बेडूक आहे. त्याचा नर अंड्यांची राखण करतो आणि आत जीव हलायला लागला की त्यांना तोंडात घेऊन गळ्याच्या पिशवीत ठेवतो. ज्या पिशवीने नर ओरडतो त्याच पिशवीत पिल्लं वाढतात, आणि पूर्ण बेडूक झाल्यावर बाबाच्या तोंडातून उड्या मारतात. त्याचा एक भाऊ, ऱ्हायनोडर्मा रुफम, बेडूकमासे थोडे दिवस गळ्यात सांभाळून पाण्यात सोडायचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तो दिसलेला नाही. आणि बेडकीच्याच मुलखात, कोनोन्डेलच्या जंगलात, एक इवलासा बेडूक आजही जगतो. त्याच्या नराच्या दोन्ही कुशींवर खिसे असतात आणि बेडूकमासे स्वतः वळवळत त्या खिशांत शिरतात.

“आपल्याकडे असं कोणी आहे?” आहे. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातला कुंभारा बेडूक. २०१४ मध्ये त्याचं वर्णन झालं. त्याचा नर पुढच्या पायांनी चिखल उचलतो आणि अंड्यांवर लिंपतो. शाडूने हात भरलेल्या मुलांना हा फार आवडतो. आणि पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकलेला दिसला तर तो चुनाम बेडकाचा असू शकतो, हा गुजरातेतही आढळतो. त्या फेसात अंडी असतात. लांबून बघायचं, काठीने हलवायचं नाही.

“तिला परत आणता येईल का?” प्रयत्न झाला आहे. १९७० च्या दशकात गोठवून ठेवलेल्या ऊतींमधलं केंद्रक काढून दुसऱ्या एका ऑस्ट्रेलियन बेडकाच्या अंड्यात घातलं. माइक आर्चर यांच्या गटाने २०१३ मध्ये हे जाहीर केलं. काही अंडी विभागायला लागली, पण थोड्याच दिवसांत सगळी थांबली, एकाचाही बेडूकमासा झाला नाही. एवढंच सांगा, पुढचं आश्वासन देऊ नका.

“मग आम्ही बेडूक पकडून आणू, बाटलीत ठेवू?” नाही. टेबलावर जिवंत बेडूक कधीच ठेवू नका, कोणी कौतुकाने आणला तरी. ढोलताशांत, शंभर हातांत तो दोन दिवसही टिकत नाही. एका डबक्यातले बेडूकमासे दुसऱ्या डबक्यातही नेऊन सोडायचे नाहीत. बुरशी पाण्यातूनच पसरते, ओल्या बुटांनी आणि जाळ्यांनीही. एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यावर जायचं असेल तर बूट धुऊन, पूर्ण वाळवून मगच जा. हे मी मोठ्या मुलांकडून म्हणवून घेते, कारण सुट्टीत जांबुघोड्याला सहलीला तीच जातात.

नंतर

लेबलं मराठीत आणि गुजरातीत, दोन्ही लिहा. आमच्या गल्लीत त्याशिवाय निम्मी मुलं नुसतं बघून जातात. अक्षर मोठं, वाक्य तीनच. नाव, माप, शेवटची कधी दिसली.

विसर्जनानंतर मॉडेल बुटाच्या खोक्यात ठेवा. कापसात गुंडाळू नका, तंतू पायांच्या बोटांत अडकतात आणि ओढताना बोटं तुटतात. जुन्या सुती साडीचा तुकडा बरा. पिल्लं वेगळ्या डबीत, मोजून. फुगे टाकून द्या, पुढच्या वर्षीपर्यंत रबर चिकट होतं. कोण्या शाळेने मागितलं तर सुतळी, चिठ्ठ्या आणि मण्यांची वाटीही खोक्यातच घालून द्या. नुसती मूर्ती गेली तर तिथल्या कपाटात ती कुठलाही एक बेडूक म्हणून पडून राहील.